उजव्या पंखाचा हिरवा दिवा

नेकनूरच्या घरात माझ्या सासूनं मला विधवा केलं, तेव्हा माझा नवरा जिवंत होता. ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारा आधी हळहळतो आणि मग हमखास विचारतो, "पण बांगडी तुम्हीच फोडली होती ना?" हो, मीच फोडली. ती कशासाठी फोडली हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो, म्हणून आता लिहून ठेवते.

सासरे सुतार होते. तिफणी, गाडीची चाकं, पाळणे असली कामं करणारा माणूस. लढाई ऐन भरात होती. बीडला लढाईच्या फंडासाठी नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, भरणार होती आणि तहसीलच्या चपराशानं येऊन हुकूम सांगितला, की लढाऊ विमानाचा हातभर लांब लाकडी नमुना करून द्यायचा. सोबत एक रंगीत चित्र दिलं. निजाम सरकारच्या कचेरीला नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाय आमच्या घरचा मुलगा हवाई फौजेत आहे हे गावभर माहीत होतं, कारण सासूबाई ते रोज आडावर सांगत.

नवरा फौजेत फिटर होता, म्हणजे विमानं दुरुस्त करायचा. रजेवर आला तेव्हा माझ्याशी बोलायला त्याच्याकडे विमानाशिवाय दुसरा विषय नव्हता. चुलीपुढच्या राखेत तो बोटानं विमान काढायचा. बसायची जागा कुठं, हातात धरायचा दांडा कसा, दांड्याच्या वर कडी आणि कडीत गोळ्या सोडायचं बटण. डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्याच्या टोकाला हिरवा. "हे उलटं केलं तर समोरचा गडी फसतोय बघ," म्हणून हसायचा. मी मन लावून ऐकायचे. त्या घरात माझ्याशी कुणी गोड बोलत असेल तर तो एवढाच, मग विमानाबद्दल का होईना.

रजा संपल्यावर त्याला ब्रह्मदेशाच्या बाजूला पाठवलं आणि पत्रं थांबली. आधी वाटलं, आज-उद्या पत्र येईल, मग तसं वाटणंही थांबलं. कुणी नुसतं "काही कळलं का?" विचारलं तरी सासूबाई त्याच्या सात पिढ्या उद्धरत. माझ्या मनगटांवर मात्र त्यांची रोज नजर. "चुडा जप. त्याच्यावरच माझं लेकरू जित्तं हाय," असं म्हणायच्या. पाणी शेंदताना माझी एखादी बांगडी वाढली तर दिवसभर मला जेवायला मिळत नसे. मुलगा फौजेत मरतो तो बंदुकीनं नाही, सुनेच्या हलगर्जीपणानं मरतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

सासऱ्यांनी पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेऊन विमान तासलं. बाहेरून चित्राबरहुकूम झालं होतं, आतून मात्र नुसता ठोकळा. जेवणाचं ताट घेऊन गेले तेव्हा मला राहवलं नाही.

"मामंजी, हे आतून पोकळ असतंय. त्यात गडी बसतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पटाशी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुला ठावं हाय तर तूच कर." कौतुकानं नव्हे. त्यांचं काम कमी झालं, एवढंच.

मी केलं. दुपारची भांडी झाली की मेटात, सासऱ्यांच्या कामाच्या छपरात, जाऊन बसायची. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून बसायची जागा वाकवली. फाटक्या वहाणेच्या कातड्याच्या बारीक पट्ट्या काढून गड्याला बांधायचे पट्टे केले. दांडा बाभळीच्या काट्याचा, त्याच्या टोकाला तारेची कडी. मोहरमच्या ताबुताला लावून उरलेला अभ्रक शेजारणीकडून मागून आणला, तो वरच्या काचेच्या जागी बसवला. चिंचोके दगडावर घासून चाकं केली. मोडक्या छत्रीच्या काड्या तोफांच्या जागी गेल्या. पंखावर सुईच्या टोकानं रिबिटांच्या ओळी टोचल्या. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मी सुखात होते. एकेक वस्तू बसवताना तो राखेत बोट फिरवतो आहे असं वाटायचं. आत कुणी डोकावून बघणार नाही हे मला कळत होतं, तरी मी कडीतलं बटणसुद्धा बसवलं. मोहरीचा दाणा होता.

दिवे तेवढे राहिले. सासरे दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपून बीडला निघणार होते. लाल काच उंबऱ्याजवळच्या मातीत सापडली, पोरींच्या खेळातला बांगडीचा तुकडा. हिरवा तुकडा कुठंच मिळेना. बोळात शोधलं, उकिरड्यावर शोधलं. दोन्ही दिवे लाल लावावे तर तो आल्यावर काय म्हणेल? हो, तो येणारच असं मी धरून चालले होते. त्या घरात त्याला सगळ्यात जास्त जिवंत मीच ठेवला होता.

माझ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. एक काढायला गेले तर हाडावर अडकली. मग हात ऐरणीवर ठेवला आणि सासऱ्यांच्या लहान हातोडीनं हळूच टिचकी मारली.

सासूबाई दारात उभ्या होत्या.

"कावून फोडलीस?"

"आत्याबाई, विमानाच्या दिव्यासाठी..."

"दिव्यासाठी? माझ्या घरचा दिवा इझवून? आपल्या हातानं चुडा फोडतीस? तुला रांडच व्हायचं हाय न्हवं? मग हो!"

माझे केस धरून त्यांनी मला ओट्यावर ओढत आणलं. वरवंट्यानं दोन्ही हातांतल्या सगळ्या बांगड्या फोडल्या. काच मनगटात शिरली. पदरानं कपाळ पुसलं, इतकं जोरात की कातडी सोलली. मी ओरडत होते, "मामंजी, सांगा की यांना!" सासरे सगळं पाहत होते. ते उठले, जमिनीवरचा एक हिरवा तुकडा उचलून उजेडात धरला, आत गेले आणि लाख तापवून पंखाला चिकटवला.

पुढचं गावानं केलं. बायका ओरडा ऐकून धावत आल्या आणि मला उघड्या कपाळानं बघून त्यांनी एकच अर्थ लावला, की फौजेतून बातमी आली. त्यांनी गळा काढला. सासूबाई आधी गोंधळल्या. पण सुनेचं कुंकू आपण रागानं पुसलं, हे चार बायकांत कबूल करायचं कसं? त्याही रडू लागल्या. एकदा रडल्यावर त्यांचं त्यांनाच खरं वाटू लागलं. सासऱ्यांनी मिशा उतरवल्या. सुतक पाळलं, दहाव्याला पिंड ठेवला, कावळाही शिवला. अशा रीतीनं, कुठूनही बातमी न येता, एक धडधाकट माणूस आमच्या नेकनुरात मेला.

सुतकामुळे विमान शेजाऱ्याच्या गाडीतून बीडला गेलं. तिथं त्याचं फार कौतुक झालं म्हणे. मेलेल्या मुलाच्या बापानं केलेलं म्हणून साहेबांचे डोळे पाणावले आणि नुमाइश संपल्यावर त्यांनी ते सासऱ्यांना परत दिलं. मेटात आढ्याला टांगलं. त्याच्याखाली मी झाडलोट करायची. सणाला मला कोपऱ्यात बसवत, हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझी सावली टाळत.

लढाई संपली आणि तो आला. तापानं फौजेच्या दवाखान्यात पडून होता म्हणे, वाळून काटकुळा झाला होता. फौजेतून पत्र टाकायला पैसे पडत नव्हते, पण टाकलं नाही. मी आतल्या दाराआड उभी होते. मला आनंद झाला होता, हे लिहायची आज लाज वाटते, पण झाला होता खरा. आता हा विचारेल आणि सगळं फिटेल.

सासूबाईंनी त्याच्यावरून भाकर ओवाळून टाकली आणि पाणी देता देता सुरुवात केली. "तू जित्ता असताना तिनं आपल्या हातानं चुडा फोडला, बाबा. लई अवदसा हाय. देवानंच तुला राखलं. हिला सिरसाळ्याला घालवू, दुसरी बघू."

तो उठून मेटात गेला. मी मागच्या दारानं गेले. त्यानं आढ्यावरचं विमान खाली घेतलं, धूळ फुंकली आणि अभ्रकातून आत बघितलं. दांडा बघितला, कडी बघितली. मग बोट पंखाच्या टोकाशी नेऊन हिरव्या काचेवर ठेवलं. मान वर करून त्यानं माझी मोकळी मनगटं पाहिली, त्यांच्यावरचे व्रण पाहिले. त्याला कळलं. ते कळताना मी त्याचा चेहरा बघत होते, म्हणून सांगते, त्याला सगळं कळलं.

मागून सासूबाई आल्या. "काय बघतूस रं एवढं?"

"काय न्हाई, माय," तो म्हणाला. "दिवे बरोबर लागलेत."

विमान त्यानं परत जागेवर टांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच गाडी जुंपली आणि मला सिरसाळ्याला, माझ्या माहेरी, नेऊन सोडलं.