खायचं नाही ते मोजून काढणाऱ्या जाऊबाई

केक सजवणाऱ्या बायका सोलापुरात गल्लोगल्ली असतील, पण केकवर बसवलेला प्लास्टिकचा मोर परत घरी आल्याशिवाय ज्यांना घास गोड लागत नाही, अशा आमच्या थोरल्या जाऊबाई एकट्याच. शहराच्या जुळे सोलापूर भागात आमच्या स्वयंपाकघरातच त्या ऑर्डरचे केक करतात. मी हाताखाली असते. खोक्याच्या झाकणावर त्या मला लिहायला लावतात, ‘मोर एक, टोचायच्या काड्या सात, मोती अकरा. खायचे नाहीत.’ खरं फूल लावायचं तर देठाचा चीक केकला लागू नये म्हणून देठ आधी स्ट्रॉमध्ये, मग स्ट्रॉ केकमध्ये. नकली फुलाची तार तर केकला नुसती लागूही द्यायची नाही. सात रस्ता चौकातल्या केकच्या सामानाच्या दुकानदाराने एकदा चमकीची डबी पुढे केली. म्हणाला, “घ्या की अक्का, विषारी न्हाय.” जाऊबाई म्हणाल्या, “पेन्सिल बी विषारी नसती. तुमी खाता का?” त्या बिचाऱ्याने डबी मागे ठेवली.

केक पोचवून त्या लगेच परत येत नाहीत. सुरी लागायच्या आधी सगळं स्वतःच्या हाताने उपटून मोजतात, मगच निघतात. लोकांना वाटतं, बाई जेवायला थांबली.

शेजारच्या कॉलनीत एका आजोबांची पंचाहत्तरी होती. केक घेऊन आम्ही दोघी गेलो होतो. फोटोच्या घाईत घरच्यांनी मोर, फुलं, काड्या तशाच ठेवून केक कापला आणि वाटलासुद्धा. जाऊबाईंनी धावत जाऊन मोजलं. काड्या सहाच. भरल्या हॉलमध्ये त्या ओरडल्या, “कुणी गिळू नका! तोंडातलं भाईर काढा!”

चाळीस माणसं गाल फुगवून उभी. घरची सून दात आवळून म्हणाली, “अहो ताई, व्हिडिओ चाललाय!” जाऊबाई ऐकतात कुठल्या! एकेकाची बशी बोटाने चिवडत त्या आजोबांपर्यंत पोचल्या. आजोबा तोंडाला रुमाल लावून सातव्या काडीने दात कोरत होते.

“भजं अडकलं व्हतं की,” ते म्हणाले. “म्हणलं, काडी ठिवलीच हाय तर...”

सगळा हॉल हसला. सून हसली नाही. “पुढच्या वेळी दुकानातूनच आणू,” एवढंच म्हणाली.

येताना रिक्षात जाऊबाई परत आणलेल्या काड्या पुन्हा मोजत होत्या. घर जवळ आल्यावर त्यांनी बाहेर बघतच विचारलं, “माझं लई झालं का गं? येडी दिसले का मी?”

चार माणसांत माझा आवाज फुटत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथं आम्ही दोघीच होतो, तरी फुटला नाही. मी नुसता त्यांच्या पदराला लागलेला केक पुसला. त्या कॉलनीतून नंतर ऑर्डर आली नाही. जाऊबाईंनी तो प्रश्नही पुन्हा विचारला नाही, म्हणून इथं लिहिते. न्हाय अक्का, लई झालं न्हाय. ती काडी कुणाच्याही घशात जाऊ शकली असती, आणि त्या हॉलमध्ये मोजणारं दुसरं कुणीच नव्हतं.