न दिलेले थेंब

टाकवे बुद्रुकच्या भिमाजीने आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला, तोही ओहोटीचा. तरी गेली सहा वर्षं तो खंडाळ्याच्या एका बंगल्यात समुद्र सांभाळतो. हा समुद्र सहा फूट लांब, दोन फूट रुंद असून दिवाणखान्यात सोफ्यामागे असतो. त्यात चार मासे आणि तेवीस पोवळी आहेत. पोवळं म्हणजे अंगठीतला खडा, एवढंच भिमाजीला ठाऊक होतं. ते जिवंत असतं, त्याला बोटं असतात आणि लाइट घालवली की ते मिटून बसतं, हे त्याने घरी सांगितलं तेव्हा बायकोने, शालूबाईने, विचारलं, "आन् पगार बी त्येच देतं का?" एका अर्थाने तेच देत होतं.

मालकीणबाई राजेश्वरी मॅडम मुलुंडला दातांचा दवाखाना चालवतात आणि महिन्यातून एकदा बंगल्यावर येतात. टाकी बसवली ती पुण्याच्या अतुलने. रोज चार बाटल्यांतून थेंब द्यायचे, असं त्याने बजावलं होतं: आयोडीन, स्ट्रॉन्शियम, लोह आणि चौथ्या बाटलीत बाकीचं सगळं. हे पदार्थ समुद्रात नावालाच असतात, पण पोवळी ते रोज खाऊन संपवतात, म्हणून वरून द्यावे लागतात. भिमाजीला हे लगेच पटलं. भातालाही जस्त लागतंच. एका वर्षी इंद्रायणीची रोपं पिवळी दिसली म्हणून त्याने दुकानदाराच्या सांगण्यावरून सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली फवारली होती आणि शंका नको म्हणून वर आणखी अर्धी. पिवळेपणा गेला. रोपंही गेली.

मागच्या वर्षी पुतणीच्या लग्नासाठी तो आठ दिवस गावी राहिला. थेंब द्यायला मागे कुणी नव्हतं. धसका घेऊनच तो परतला, तर सगळ्यांत मोठं हिरवं पोवळं, जे कित्येक महिने आक्रसून बसलं होतं, ते पंजा उघडावा तसं उघडलं होतं. भिमाजीने पोवळ्याकडे पाहिलं, बाटल्यांकडे पाहिलं आणि बाटल्या उचलून स्टोअररूममध्ये ठेवल्या.

पाणी बदलायचं मात्र त्याने चुकवलं नाही. दर शनिवारी चार बादल्या जुनं पाणी काढायचं आणि पाकिटातलं समुद्री मीठ फिल्टरच्या पाण्यात कालवून चार बादल्या नवं घालायचं. आयोडीनपासून सगळं त्या मिठातच आहे, असं पाकिटावर छापलेलं त्याच्या सुनेने वाचून दाखवलं होतं.

मॅडम रोज संध्याकाळी फोनवर विचारत, थेंब दिले का. भिमाजी "व्हय" म्हणे. पहिल्या दिवशी ते जड गेलं. पुढे दोघांनाही सवय झाली.

यंदा मॅडमनी टाकीचं पाणी तपासायला परदेशी पाठवलं. रिपोर्ट आला: सगळं जिथल्या तिथे. त्या आनंदात त्यांनी थेंब देणारं मशीन मागवलं आणि ते बसवायला अतुलला बोलावून स्वतःही आल्या. अतुलचं गणित सरळ होतं. एवढ्या डोसवर पोवळी एवढी छान आहेत, तर दीडपटीवर किती होतील. त्याच्या बोटात मंगळासाठी घातलेलं पोवळं होतं, त्याला डोस लागत नव्हता.

गुपचूप वायर काढावी, तर मशीन लगेच मॅडमच्या मोबाईलवर कळवणार होतं. बोललं तर नोकरी जाणार, न बोललं तर पोवळी. अतुलने नळ्या पाण्यात सोडल्या, तेव्हा भिमाजीला भाताची रोपं दिसली.

"मॅडम, मशीन लावू नगा. म्या थेंब टाकलंच न्हाईत."

मॅडमना वाटलं, आजचे राहिले.

"वरीस झालं," भिमाजी म्हणाला आणि स्टोअररूममधून बाटल्या घेऊन आला. दर दोन महिन्यांनी आलेला संच तसाच, सीलबंद.

अतुलने खुलासा केला, की हा आधीच्या डोसचा साठलेला परिणाम असणार. मॅडम म्हणाल्या, "पण ती रोज खाऊन संपवतात ना?" अतुल अंगठी फिरवत बसला.

मग त्या भिमाजीकडे वळल्या. "रोज फोनवर व्हय म्हणत होतात तुम्ही."

"व्हय."

"मला एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

"इचारलं असतं तर तुमी टाका म्हनला असता."

ते खरं होतं, म्हणून मॅडमना जास्त राग आला. त्या न जेवता वर निघून गेल्या. भिमाजीने आपले दोन सदरे पिशवीत भरून ठेवले आणि शनिवार होता म्हणून पाणी बदललं.

सकाळी मॅडमनी मशीन अतुलबरोबर परत पाठवलं. भिमाजीला त्यांनी राहायला सांगितलं, पण संध्याकाळचा फोन बंद झाला. यापुढे शब्द नको, फोटो हवा: दर शनिवारी, पाण्याने भरलेल्या चार बादल्यांचा.

भरलेली बादली दर शनिवारी सारखीच दिसते. मागच्या आठवड्याचा फोटो पाठवला तरी मुलुंडला कुणाला कळणार नाही. भिमाजी दर शनिवारी नवा काढतो.