सुरगाठ

दामूकाकांची शिडाची होडी कित्येक पावसाळे किनाऱ्यावर टेकू लावून उभी आहे. फळ्यांच्या फटींतून पलीकडची वाळू दिसते. तरी ते रोज सकाळी येतात, डोलकाठीला उभी बांधलेली बांबूची काठी सोडतात, पुसतात, तेल लावतात आणि पुन्हा बांधतात. मागून वारा आला की शिडाचा कोपरा बाहेर ताणून धरायला ही काठी लागते. म्हणून ती सुरगाठीनेच बांधायची. एका हिसक्यात सुटली पाहिजे. "वारा कोणासाठी थांबत नाय," ते म्हणायचे.

मला त्यांचा राग यायचा. मग आठवायचं, घर सोडून गेलेल्या धाकट्या भावाचं अंथरूण मीही अजून झटकून घालतो. तो येणार नाही हे मला माहीत आहे. माहीत असून माणूस हात चालू ठेवतो, एवढंच.

आज काकांनी तेल लावलं नाही. दोरी गुंडाळून निरगाठ मारली आणि दोनदा ओढून घट्ट केली.

"काका, आता सुटायची कशी?"

"सोडायचीय कोणाला?" म्हणत ते घराकडे चालू लागले.

वारा तेव्हा नेमका पाठीमागून सुटला होता.