खळीचं भांडं खिडकीत

नाना, म्हणजे माझे वडील, बाइंडर. साठ वर्षं जमिनीवर मांडी घालून त्यांनी पुस्तकं शिवली. पण वस्तू एका जागी असतील तर शपथ! खळीचं भांडं खिडकीत, दोऱ्याचं रीळ दारामागच्या खिळ्याला, पुठ्ठे पार पलीकडच्या भिंतीशी. काही लागलं की उठायचं, तेही हात न टेकता. दिवसातून पन्नास वेळा तरी. पाणी प्यायलासुद्धा आतल्या खोलीत जायचे.

"नाना, जवळ ठेवा ना सगळं," मी म्हणायचो.

"जवळ ठेवलं की मी उठायचा नाही. मी मला चांगला ओळखतो."

मी हसायचो. जन्मात कधी व्यायामाला गेला नाही हा माणूस, आणि मला शिकवतोय!

मी कारकून. आयुष्य खुर्चीत गेलं, रिटायर व्हायच्या आधीच गुडघे बोलायला लागले होते. पण शहाणपणा नुसता उतू जात होता. नाना आठ दिवस बहिणीकडे गेले, तेवढ्यात मी टेबल करून घेतलं, चाकांची खुर्ची आणली, खळ, दोरा, दाभण, पुठ्ठे, पाण्याची बाटली, सगळं हाताशी लावलं. काय तो उत्साह माझा! आग लागो त्याला.

नाना आले, दारातच थांबले. "तुला कुणी सांगितलं होतं?"

"अहो नाना, यांनी किती हौसेनं केलंय, बसा ना," माझी बायको म्हणाली.

बसले. आमचं मन राखायला बसले.

सहा महिन्यांत टेबलाला धरून उठायला लागले. वर्षभरात भिंतीला धरून चालायला लागले. आम्ही म्हणायचो, वय झालं. वय काय त्या आठ दिवसांत झालं होतं?

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. त्यांच्या हातातून दाभण पडला. तो घ्यायला ते खाली बसले आणि बसलेच. मी सहाला आलो तेव्हा टेबलाखाली पाय पसरून, भिंतीला टेकून होते. कुठं लागलं नव्हतं. पायजमा मात्र ओला होता.

"हाक मारायची ना शेजाऱ्यांना!" मी त्यांच्यावरच ओरडलो.

"काय म्हणून मारू? साठ वर्षं इथंच बसलोय. आता मला उठवा म्हणू?"

आणि रडले. नानांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेबल, खुर्ची घराबाहेर काढली. खळीचं भांडं परत खिडकीत ठेवलं, रीळ खिळ्याला लावलं. दोघांनी धरून त्यांना सतरंजीवर बसवलं. त्यांनी खिडकीकडे बघितलं.

"आता कोण उठणार रे?"

डॉक्टरांनी हळूहळू उठबस करायला सांगितलं होतं. चार दिवस केली, पाचव्या दिवशी नको म्हणाले. त्यांची जिद्द मीच मोडली होती, आता आग्रह कुठल्या तोंडानं करणार?

मी आता रिटायर झालोय. त्यांच्याशेजारी खाली बसतो. ते अजून शिवतात, थोडंथोडं. "खळ," म्हणाले की उठतो. "दोरा," म्हणाले की उठतो. हात टेकला तर ते नुसते बघतात, म्हणून टेकत नाही.

परवा डॉक्टरांनी माझे गुडघे तपासले. खूश झाले. "फारच सुधारलेत की! काय करता?"

नाना शेजारीच दवाखान्याच्या चाकांच्या खुर्चीत बसले होते. माझ्याआधी तेच बोलले, "माझी खळ आणून देतो."