शोषखड्ड्याचे मालक

पृथ्वीच्या पचनशक्तीची काळजी वाहणारा एकच मनुष्य मी आयुष्यात पाहिला, आणि तो म्हणजे आमचे डोंबिवलीचे घरमालक. त्या काळी आमच्या बाजूला गटारे नव्हती. तिन्ही बिऱ्हाडांच्या मोऱ्यांचे पाणी परसातल्या शोषखड्ड्यात, दगडविटांच्या थरांतून, जमिनीत जिरत असे. त्या खड्ड्याशी हे गृहस्थ आजारी नातेवाइकाशी वागावे तसे वागत. रोज सकाळी काठी घालून पाण्याची उंची पाहत आणि "आज जरा जड आहे" असे गंभीरपणे सांगत. मोरीत कोणी भाताची पेज ओतली, तर त्यांना ती वासावरून कळे. भांडी घासायची राख, काथ्या, न्हाणीतले केस आत जाऊ नयेत म्हणून मोरीच्या तोंडाशी त्यांनी जुन्या धोतराचे फडके बांधले होते, आणि ते स्वतः धूत. "मातीची भोके बुजली की ती पाणी पिणार कशी? तिलाही रजा हवी," असे म्हणून दर वैशाखात ते आठ दिवस आमचे सांडपाणी बादल्यांनी केळींना घालायला लावत, दगड बाहेर काढत, तळाचा काळा बुळबुळीत थर खरवडून माती उन्हात सुकू देत आणि धुतलेले दगड पुन्हा रचत.

माझे लग्न झाले त्या वर्षी, वळवाचे ढग आले म्हणून तिन्हीसांजेच्या अंधारात घाईने रचलेला खड्डा चौथ्याच दिवशी तुंबला आणि घाण पाणी विहिरीकडे सरकू लागले. घरमालकांनी सर्वांना परसात बोलावले.

"बाकीची बिऱ्हाडे जुनी आहेत," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. "नवे माणूस तुमच्याकडे आले आहे. खड्डा उघडतो. तळाशी राख सापडली, तर खोली रिकामी करा."

त्या खोलीसाठी मी कल्याणपासून कळव्यापर्यंत दोन वर्षे पायपीट केली होती. बायको मात्र शांतपणे म्हणाली, "काका, राख मी केळीच्या आळ्यात टाकते. तरी बघा."

पाणी उपसून दगड काढले. राख कुठेच नव्हती. तळ आणि हात पोचेल तिथवरच्या भिंती शेणाने सुरेख सारवल्या होत्या; बोटांचे अर्धगोल अजून स्पष्ट दिसत होते.

घरमालकांनी त्या अर्धगोलांवरून बोट फिरवले. मग आपल्या बायकोकडे, म्हणजे काकूंकडे, वळले. "अगं, हे तू?"

"तुम्ही जेवून पडला होतात, तेव्हा उतरले," काकू म्हणाल्या. "इतकं मायेनं खरवडलंत, आणि तळ तसाच उघडाबोडका ठेवायचा?"

"खड्ड्यात कोण पाहुणा येणार आहे?"

"तुम्ही असताच की दिवसभर."

घरमालक माझ्या बायकोला एवढेच म्हणाले, "सूनबाई, आमचे चुकले. खोली तुमचीच." मग खुरपे घेऊन खाली उतरले. सारे सारवण काढले, पण एक कोपरा तसाच ठेवून वर आले. राखेच्या चिमटीवरून भांडणारा तो माणूस मला म्हणाला, "एवढ्याने पाणी अडत नाही."

पुढे दर वैशाखात तेवढा कोपरा काकू सारवीत असत. त्या गेल्या, त्यानंतरच्या वैशाखात दगड रचण्यापूर्वी घरमालक शेणाचा गोळा घेऊन त्या कोपऱ्यात ओणवे झालेले मी पाहिले. अर्धगोल नीट उमटत नव्हते. ते पुसत होते आणि पुन्हा काढत होते.