दीपनगरचे रविवार

पराभवातूनच माणूस घडतो, असे आमचे प्राचार्य दर स्नेहसंमेलनात गंभीरपणे सांगत. तो पराभव शक्यतो दुसऱ्या महाविद्यालयाचा असावा, एवढीच त्यांची अपेक्षा असे.

म्हणून जळगावच्या आमच्या बास्केटबॉल संघाचे सरावसामने चोपड्याच्या एका नवख्या संघाशी ठरत. त्यांच्यातले निम्मे कबड्डीतून आलेले; बॉल हातात आला की छातीशी धरून पळत. आम्ही जिंकायचो. प्रत्येक विजयाला शाल, नारळ आणि फलकावर रंगीत खडूने अभिनंदन. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला धुळ्याला जायचो, यजमानांकडून पहिलाच सामना हरायचो आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचो.

माझ्या शेवटच्या वर्षी प्राचार्यांनी सांगून टाकले, की यंदाही पहिलाच सामना हरलात तर मैदानावर गाड्यांचा स्टँड होईल. आम्हाला खेळायला दुसरी जागा नव्हती.

त्या वर्षी नव्याने आलेल्या क्रीडाशिक्षकांनी चोपड्याचे सामने रद्द केले आणि दर रविवारी आम्हाला दीपनगरला नेऊ लागले. तिथे वीज केंद्राच्या वसाहतीतले कामगार खेळत. पोटे सुटलेली, गुडघ्यांना पट्टे. पण बॉल कुठे येणार हे त्यांना आमच्याआधी कळायचे, आणि कोपर कुठे लावायचे हेही.

"सर, ह्या बठ्ठा आंगवरच येतस," आमचा कर्णधार म्हणाला. तो अमळनेरकडचा; लागले की घरची भाषा बोलायचा.

"मग धुळ्याचे काय आरती घेऊन येणार आहेत?" सर म्हणाले.

आम्ही प्रत्येक रविवारी हरलो. त्यांच्यातले सर्वांत वयस्कर नाना चहाचा पेला पुढे करत म्हणायचे, "लाजू नका रे. आमचाही घाम निघतो थोडा."

प्राचार्य अस्वस्थ झाले. "अहो, फलकावर लिहायचं काय?"

"दीपनगरला गेले होते, असं लिहा," सर म्हणाले.

फलक कोरा राहिला.

धुळ्यात यजमान नेहमीसारखेच अंगावर आले. फरक इतकाच, की या वेळी धक्का बसल्यावर आमच्यातल्या कुणी पंचांकडे पाहिले नाही. अखेरच्या क्षणांत आम्ही जेमतेम पुढे होतो. एरवी गडबडून बॉल कुणाच्याही हाती देणारा कर्णधार दोघांच्या कोपरांमध्ये तो धरून उभा राहिला. शिट्टी वाजली. कुणी नाचले नाही. सगळे खाली बसले. मैदान वाचले होते.

प्राचार्यांनी सत्कार त्याच मैदानावर ठेवला. दीपनगरच्या मंडळींना बोलवायचे कुणाच्या लक्षात आले नाही. मांडववाल्याने खांबांसाठी सिमेंट फोडून दोन्ही रिंगांखाली खड्डे घेतले. प्राचार्य पराभवाच्या महत्त्वावर बराच वेळ बोलले, आम्हाला शाली मिळाल्या.

खड्डे नंतर मुरूम टाकून बुजवले. त्यावर बॉल उसळत नाही. स्कूटर मात्र नीट उभी राहते.