पाण्यावरची लाही

"माझ्याकडे बघू नका. मी नाहीच असं समजा."

फोटो काढण्याआधी चाचा एवढंच म्हणायचे आणि कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरायचे. दुसरे फोटोग्राफर 'इकडे बघा, हसा थोडं' करून गिऱ्हाइकाचा पार पुतळा करून टाकतात. आमचे चाचा स्वतःच नाहीसे होत. थोड्या वेळानं खुर्चीतला माणूस त्यांना खरोखरच विसरायचा, खांदे सैल सोडायचा, आणि नेमक्या त्या घडीला कापडाबाहेरचा हात रबरी फुगा दाबून फोटो घ्यायचा. हे नाहीसं होणं त्यांना जरा जास्तच चांगलं जमत होतं. एकदा स्टुडिओतल्या सगळ्या माणसांचा ग्रुप फोटो निघाला. तो त्यांनी काढला, म्हणून त्यात ते नाहीत. ही गोष्ट कुणाच्या लक्षातसुद्धा आली नाही, माझ्यासकट.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. नाशिकच्या मेन रोडवर त्या स्टुडिओत मी रिटचिंग करायचो. तेव्हा फोटो काचेवर निघे. त्या काचेवर सगळं उलटं दिसतं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. उतरत्या टेबलावर काच ठेवायची, खालून आरशानं उजेड घ्यायचा, आणि सुईसारखी टोकदार पेन्सिल आणि बारीक सुरी घेऊन माणसांचे दोष काढत बसायचं. माझ्या हातून गेलेल्या काचेवर देवीचा वण म्हणून राहिला नाही. नाशकातल्या निम्म्या सोयरिकी मी जुळवल्या, असं मी चारचौघांत सांगत असे. तुम्हाला वाटेल, हा स्वतःची टिमकी वाजवतोय. वाजवू द्या, पुढे तिची गरज आहे.

चाचा मालेगावचे, मागावर कापड विणणाऱ्या घरातले. भाऊ तिकडे विणत होते आणि हे एकटेच कॅमेऱ्याच्या नादानं नाशकात आलेले. बायको लग्नानंतर दोन वर्षांत वारली. मूलबाळ नाही. कथड्यात एक खोली. सकाळी कामावर निघाले की निम्म्या वाटेवरून परत जाऊन कुलूप ओढून बघायचे. मी एकदा त्यावरून हसलो, तर म्हणाले, "अरे भाई, तू घरी विचारतोस ना, कडी लावली का? मी कुणाला विचारू?"

थंडीच्या दिवसांत ते उजाडायच्या सुमारास तपोवनाकडे फिरायला जात. गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी तेव्हा नितळ असतं आणि खडकांच्या खळग्यांत ते संथ उभं राहतं. तिथे त्यांना ती ढोकरी दिसली. ढोकरी तुम्ही पाहिलेली आहे. बसली की मातकट, उडाली की पांढरी, बगळ्याची गरीब चुलत बहीण. वर रामकुंडावर यात्रेकरू माशांना लाह्या टाकतात. त्यातल्या चुकार लाह्या वाहत तपोवनापर्यंत येतात. तर ही ढोकरी म्हणे वाहती लाही चोचीत उचलायची आणि गिळायची नाही. खडकाजवळच्या संथ पाण्यात नेऊन सोडायची आणि मान आखडून टपून बसायची. लाही लांब सरकली की पुन्हा उचलून जागेवर ठेवायची. लाहीपाशी मासा आला की चोच सुटलीच!

"आमिष लावते ती," चाचा म्हणाले. "माणूस गळाला लावतो, तसं. कसम से, या डोळ्यांनी पाहिलं."

स्टुडिओखालच्या चहाच्या दुकानात ही बातमी गेली आणि चाचांची धडगत राहिली नाही. "काय चाचा, आज ढोकरीनं गळ टाकला का जाळं?" "तिला म्हणावं, पावशेर आम्हालाही पाठव." चाचा हसून बशीत चहा ओतायचे. तिथे हायस्कुलातले एक पेन्शनर मास्तर येत. पक्ष्यांवरची पुस्तकं वाचलेला माणूस, म्हणून चाचांनी त्यांना गाठलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरोबर आणखी कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग फोटो आणा. पाण्यावर लाही आणि तिच्यासमोर टपलेली ढोकरी, असा फोटो आणलात तर मी स्वतः चार ठिकाणी लिहून पाठवतो. नुसत्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार?"

त्यात वावगं काही नव्हतं, पण चाचांना ते लागलं. त्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन ते म्हणाले, "एकट्या माणसानं काही पाहूच नये. दुसरं कोणी हो म्हटल्याशिवाय ते खरं होत नाही." आणि लगेच, "उद्या येतोस? फक्त बघ. बाकी काही करू नकोस."

"येतो की चाचा," मी म्हणालो. नाशिकची थंडी, त्यात माझं नवं लग्न. मी गेलो नाही. त्यांनी चार वेळा विचारलं, मी चार वेळा हो म्हटलं.

मग ते एकटेच कॅमेरा घेऊन जायला लागले. लाकडी तिकाटणं खडकात रोवायचं, ढोकरीच्या ठरलेल्या जागेवर भिंग जुळवायचं, आणि फुग्याला रबरी नळ्या जोडून जोडून स्वतः लांब दगडाआड बसायचं. सात-आठ सकाळी फुकट गेल्या. कधी ढोकरी आली नाही, कधी लाही आली नाही, कधी दोन्ही आल्या आणि म्हैस पाण्यात शिरली. कामावर यायचे तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत ओलं असायचं.

एक दिवस ते धावतच आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "मिळाली!" एवढंच म्हणाले आणि अंधाऱ्या खोलीत शिरले. बाहेर आले तेव्हा ओली काच हातात होती. "ढोकरी आली आहे. लाही लाल दिव्यात नीट कळत नाही. वाळली की उजेडात बघू." पण मालकांनी त्यांना त्याच दुपारच्या गाडीनं मनमाडला पाठवलं. रेल्वेतल्या एका बड्या घरचं लग्न होतं, तीन दिवसांचं काम. काच वाळवणीच्या घडवंचीत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर आली, नव्हे, मीच आणली. म्हटलं, आपण चार वेळा टांग दिली, निदान काच तरी झकास करून ठेवू. ढोकरी सुंदर आली होती, मान आखडलेली, चोच पुढे. तिच्या चोचीपासून दोन बोटांवर पाण्यात एक काळा ठिपका होता. असले ठिपके काचेवर नेहमीच पडतात. सुरीच्या टोकानं मी तो खरवडला, वर पेन्सिल फिरवली, पाणी आरशासारखं केलं. या कामात हात डोक्याच्या पुढे असतो. चाचांची गोष्ट मी वीस वेळा ऐकली होती, आणि त्या वेळी ती मला एकदाही आठवली नाही. कागदावर छापून फोटो त्यांच्या पेटीवर ठेवला आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

चाचा आले. फोटो खिडकीपाशी नेला. मग काच काढली, भिंग लावलं, पुन्हा फोटो पाहिला.

"लाही नाही," ते म्हणाले.

तेव्हा कुठे मला ती गोष्ट आठवली. काचेवर काळं म्हणजे फोटोत पांढरं. तो ठिपका म्हणजेच लाही होती. मी तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांत सगळं संपलं असतं. पण बाजूला मालक उभे होते, आणि माझं काम इतकं सफाईदार होतं की भिंगातूनही ओरखडा दिसत नव्हता.

"फुगा दाबला तेव्हा होती," चाचा स्वतःशीच म्हणाले. "होती असं वाटलं." मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. "मास्तर बरोबर बोलले. माझेच डोळे गेले असतील."

त्यांनी तो फोटो मास्तरांना दाखवलाच नाही. तपोवनात जाणं बंद झालं. हे कुणाला कळलं नाही, पण पुढचं सगळ्यांना कळलं. बारा वर्षं या कामात मुरलेला कसबी माणूस कापडाखालून बाहेर येऊन मला हाक मारायला लागला, "जरा बघ रे, बरोबर दिसतंय ना?" मी बघायचो. दर वेळी बरोबरच असायचं. मी तसं सांगायचो आणि त्यांना ते पटायचं नाही. गिऱ्हाइकं ताटकळायला लागली. पावसाळ्यापूर्वी त्यांनी नोकरी सोडली आणि मालेगावला भावाकडे निघून गेले. निरोप द्यायला स्टँडवर मी एकटाच होतो. तेव्हाही मी बोललो नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही बोललो.

वर्षभरानं सर्व्हिस मोटारीनं मालेगावला गेलो. मोटारस्टँडवर एका म्हाताऱ्याला पत्ता विचारला. "फोटोवाला चाचा ना? तो मागच्या गल्लीमा शे," तो म्हणाला. गल्लीभर मागांची खटखट चालली होती. चाचा ओट्यावर बसून सुताच्या कांड्या भरत होते. मला पाहून लगबगीनं उठले. घरच्यांची विचारपूस केली, चहा मागवला. चहा येण्याआधीच मी सांगून टाकलं. ठिपका, सुरी, सगळं.

त्यांच्या हातातली कांडी तशीच राहिली. मी मान खाली घालून बसलो.

"म्हणजे लाही होती?"

"होती, चाचा."

"कुठे होती?"

"चोचीपासून दोन बोटांवर. डाव्या अंगाला."

"डाव्या अंगाला." त्यांचे डोळे भरून आले. "बरोबर. तू पाहिलीस?"

"पाहिली."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि आत मागावर बसलेल्या भावाला हाक मारली, "भाईजान! इसने देखा है! सुना? इसने देखा है!" आतली खटखट काही थांबली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली.

स्टँडपर्यंत ते माझ्याबरोबर आले. वाटेत भेटेल त्याला मला थांबवून तेच सांगायला लावलं. मी सांगत होतो. माणसं मान हलवून पुढे जात होती. चाचा त्या वेळी इतके खूश दिसत होते की मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

वर्षभर गप्प का बसलास, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. मोटार सुटेपर्यंत मी वाट पाहत होतो, कारण उत्तर मी घरूनच पाठ करून नेलं होतं. पुढच्या थंडीत त्यांच्या भावाचं कार्ड आलं, चाचा गेल्याचं. तेव्हाही ते मला पाठच होतं.